कॅसेट, डिस्क आणि नुसती परवानगी : खेळून झाल्यावर दुसऱ्याला देता येणारे खेळ

कॅसेटचा_डबा

गेली तीस वर्षे मी व्हिडिओ गेम खेळत आलो आहे आणि कोणते कन्सोल चांगले, कोणता खेळ श्रेष्ठ, यावर मित्रांशी असंख्य वाद घालून झाले आहेत. परवा घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या कॅसेट्सचा पत्र्याचा डबा खाली आला. त्या चाळताना लक्षात आले की माझी सगळी मते मला नकळत एकाच कसोटीवर बेतलेली आहेत : खेळून झाल्यावर हा खेळ दुसऱ्याच्या हाती देता येतो का?

आमच्याकडे पहिले यंत्र आले ते १९९५ च्या दिवाळीत. खोक्यावर नाव काहीही असले तरी आत निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होती. अमेरिकेत एनईएस या नावाने विकल्या गेलेल्या त्याच्या आवृत्तीत अनधिकृत कॅसेट ओळखून ती अडवणारी एक चिप बसवलेली असे. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती, त्यामुळे साठ पिनांच्या त्या रचनेची नक्कल करणे सोपे होते आणि आपल्यासारख्या देशांत ती घरोघरी पोहोचली. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे, आणि प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ निरनिराळ्या स्टेजपासून सुरू होऊन ती यादी भरून काढत. तरीही आम्हाला खेळ कधी कमी पडले नाहीत, कारण आमच्या गल्लीत पाच घरांत यंत्र होते आणि पाचही घरांच्या कॅसेट्स सगळ्यांच्या होत्या. शिवाय बाजारपेठेतील एक दुकानदार जुनी कॅसेट आणि वर वीस रुपये घेऊन दुसरी देत असे. आम्ही दिलेली कॅसेट तीन महिन्यांनी फिरून आमच्याकडेच आल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण तिच्यावर माझ्याच अक्षरात भावाचे नाव होते.

त्या काळातील खेळांबद्दल माझे मत विचाराल तर, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची थोरवी मला फार उशिरा कळली. १९८५ चा तो अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत बसवलेला आहे, आणि त्यातील ढग व झुडूप हे एकच चित्र असून केवळ रंग बदललेला आहे, हे समजल्यावर मी तो नव्या नजरेने पुन्हा खेळलो. लहानपणी मात्र माझा जीव ‘बॅटल सिटी’वर होता, ज्याला आम्ही सगळे ‘टँक’ म्हणत असू. दोघांनी मिळून गरुड राखायचा आणि संधी मिळताच भावाच्या रणगाड्यावर गोळी झाडून त्याला क्षणभर जागीच गोठवायचे, यात जी मजा होती ती मला पुढे कोणत्याही ऑनलाइन खेळात मिळाली नाही. त्यात स्वतःची स्टेज बांधण्याची सोय होती, पण ती साठवण्याची नव्हती. संध्याकाळी लोडशेडिंगची वेळ झाली की आमची तटबंदीही जात असे.

नंतरचे यंत्र सोनीचे प्लेस्टेशन २. माझ्या मते हे आजवरचे सर्वांत शहाणे कन्सोल आहे. ते २००० मध्ये जपानात आले तेव्हा त्यावर डीव्हीडी चित्रपट चालत होते, आधीच्या प्लेस्टेशनच्या डिस्कही चालत होत्या, आणि पुढे ते १५ कोटींहून अधिक विकले गेले. मला मात्र त्याचे आठ मेगाबाइटांचे मेमरी कार्ड आठवते. ते खिशात घालून मित्राच्या घरी जायचे, तेथील यंत्रात लावायचे आणि आपला डाव जिथे थांबला होता तिथून पुढे चालू करायचा. ‘हिअर कम्स द पेन’ या कुस्तीच्या खेळाची डिस्क आमच्या वर्गात इतकी फिरली की ती मूळची कोणाची, यावर आजही एकमत नाही. ‘सॅन अँड्रियास’ मला थोडा पसरट वाटतो, हे येथे सांगितल्यावर काही मंडळी रागावतील याची कल्पना आहे. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ मात्र अजोड आहे. सोळा प्रचंड प्राणी आणि त्यांच्यामध्ये मैलोन् मैल रिकामे माळरान, एवढ्यावर अख्खा खेळ उभा करण्याचे धैर्य आज कोणी दाखवील असे वाटत नाही.

मग २०१३ आले. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी असा बेत जाहीर केला की यंत्र चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडलेच पाहिजे आणि डिस्क उसनी देण्यावर व विकण्यावर बंधने राहतील. जूनमधील ई३ प्रदर्शनाच्या वेळी सोनीने ‘प्लेस्टेशन ४ वर खेळ मित्राला कसा द्यावा’ हे दाखवणारी अर्ध्या मिनिटाहून लहान चित्रफीत काढली, ज्यात एक माणूस दुसऱ्याला डबी देतो आणि दुसरा आभार मानतो, बस्स. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपला बेत मागे घेतला. ती चित्रफीत पाहूनच मी प्लेस्टेशन ४ घ्यायचे ठरवले. भारतात ते जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आले, मी एक वर्ष थांबून घेतले, आणि पुढची सहा वर्षे जवळजवळ सगळे खेळ जुन्या डिस्कवर खेळलो : दोन हजारांना घ्यायची, महिनाभर खेळायची, सोळाशेला विकायची. ‘विचर ३’सारखा शंभर तासांचा खेळ मला चारशे रुपयांत पडला.

एवढे सगळे ठाऊक असूनही मी स्वतःच्या हाताने चूक केली. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले तेव्हा डिस्कची खाच असलेले यंत्र ४९,९९० रुपयांना आणि बिनखाचेच्या यंत्राची जाहीर किंमत ३९,९९० रुपये होती. दहा हजार वाचवण्याच्या मोहाने मी दुसरे घेतले. मोठे नवे खेळ ४,९९९ रुपयांना निघू लागले, जुनी डिस्क घेण्याची वाट बंद झाली, आणि शेल्फावरच्या प्लेस्टेशन ४ च्या पंचवीस-तीस डिस्क शेजारच्या नव्या यंत्राला निरुपयोगी ठरल्या. वाचवलेले दहा हजार दीड वर्षात परत गेले. त्याहून जास्त खुपते ते असे की, ‘एल्डन रिंग’ संपवल्यावर मला तो धाकट्या मावसभावाला द्यायचा होता आणि माझ्याजवळ देण्यासारखे काही नव्हतेच.

तुम्हा सर्वांचा अनुभव काय आहे, आणि माझी ही कसोटी केवळ जुन्या माणसाची कुरकुर आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

पार्लरातला_मुस्तफा

आपली कसोटी मला मान्य नाही, कारण माझ्या आयुष्यातील सर्वांत आवडता खेळ माझा कधीच नव्हता आणि दुसऱ्या कोणाचाही नव्हता. तो एसटी स्टँडासमोरच्या पार्लरमध्ये एका लाकडी खोक्यात होता आणि एका रुपयाला एक डाव मिळत असे. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. आमच्यासाठी तो कायम ‘मुस्तफा’च होता, कारण चार पात्रांपैकी पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफावर सगळ्यांची उडी पडत असे. कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला. गंमत अशी की ज्या खेळाचे नाव काढताच आमच्या पिढीतील निम्म्या माणसांचे डोळे चमकतात, तो कोणत्याही घरगुती कन्सोलवर कधीही विकला गेला नाही. तो एका अमेरिकी चित्रकथेवर बेतलेला होता.

पार्लरमध्ये देवघेव वेगळ्या प्रकारची होती. तुम्ही खेळत असताना मागे पाच जण उभे असत आणि तुमचा डाव हाच त्यांचा खेळ असे. पुढच्या वळणावर मटण कोणत्या पिंपात आहे, हे मागून आधीच सांगितले जाई. शेवटची लाइफ उरली आणि खिशात नाणे नसेल, तर आपली जागा दुसऱ्याला देणे ही मोठी गोष्ट समजली जात असे. डिस्क उसनी देणाऱ्याला एवढा त्याग करावा लागत नाही.

स्टीमसेल

मी पहिल्यापासून संगणकावर खेळतो आणि माझ्या मते मूळ लेखातील हिशेब कन्सोलपुरताच खरा आहे. स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानात २०१५ च्या अखेरीपासून किमती रुपयांत दिसू लागल्या आणि वर्षातून दोन मोठे सेल लागतात. ‘विचर ३’ मी चारशेपेक्षा कमी किमतीत घेतला, तो विकावा लागला नाही आणि आजही माझ्या खात्यात आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या कुटुंब-सोयीमुळे घरातील सहा जणांपर्यंत एकमेकांचे खेळ खेळता येतात. एकच प्रत एका वेळी दोघांना खेळता येत नाही, पण तसे ते कॅसेटलाही कोठे शक्य होते?

दुसरा मुद्दा लहान चमूंचा आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रथम निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आणि मग इतर यंत्रांवर आला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीच्या पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांपर्यंत पोहोचला. छाया-बाहुल्यांच्या शैलीत सांगितलेली त्यातील कथा मला फार आवडली. मारामारी थोडी अडखळती आहे, हेही सांगितले पाहिजे. डिस्क छापा, डब्या भरा, देशोदेशीच्या दुकानांत पाठवा, ही अट असती तर असा खेळ माझ्यापर्यंत पोहोचला असता का, याबद्दल मला शंका आहे.

मात्र एका बाबतीत मी आपल्या बाजूने आहे. ‘क्रिकेट ०७’ हा ईए या कंपनीचा शेवटचा क्रिकेट खेळ २००६ च्या अखेरीस निघाला आणि आपल्याकडील हौशी मंडळी आजतागायत त्यात नवे संघ, नवे गणवेश, नवी मैदाने घालून तो जिवंत ठेवत आहेत. त्यानंतर बिग ॲन्ट या कंपनीचे ‘क्रिकेट १९’, ‘२२’ आणि ‘२४’ आले. त्यांची फलंदाजी अधिक खरी आहे, तरी माझा धाकटा भाऊ संध्याकाळी जुनाच उघडतो. तो चालतो तो केवळ यासाठी की त्याला सुरू होताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

तांत्रिक_शंका

धागाकर्त्यांना एक छोटा प्रश्न आहे. माळ्यावरून उतरवलेल्या कॅसेट्स आपण लावून पाहिल्या का, आणि डब्यात खेळाची बंदूक असल्यास ‘डक हंट’ या नेमबाजीच्या खेळातील बदके मरतात का?

कॅसेटचा_डबा

@तांत्रिक_शंका, आपण नेमके वर्मावर बोट ठेवले. यंत्र चालू झाले, टँक उत्तम चालला, पण एकही बदक पडले नाही. आमच्या घरात आता एलईडी टीव्ही आहे.

तांत्रिक_शंका

ते पडणारही नाही. चाप ओढताच तो खेळ पडदा क्षणभर काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदी भागाला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला असे धरले जाते. जुना डबा टीव्ही हे चित्र जिथल्या तिथे उमटवत असे. आजचा टीव्ही आलेल्या चित्रावर आधी संस्कार करतो आणि काही मिलिसेकंद उशिराने ते दाखवतो. तोवर खेळाने निकाल दिलेला असतो. माझा मुद्दा असा की कॅसेट हातात असणे म्हणजे खेळ हातात असणे नव्हे, कारण तो टीव्ही भंगारात गेला त्या दिवशीच तुमची बदके अमर झाली.

जाता जाता, कॅसेट चालली नाही की आपण सगळे तिच्यात फुंकर मारत होतो, त्याचाही उपयोग नव्हता. काढून पुन्हा बसवल्याने पिना नीट टेकत आणि श्रेय फुंकरीला जाई. उलट तोंडातील ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या कालांतराने खराबच होत.

नागोयावासी

मी नऊ वर्षे जपानात राहतो आणि येथे जुन्या खेळांचा बाजार पाहून सुरुवातीला अक्षरशः वेडा झालो होतो. अकिहाबारातील प्रसिद्ध दुकाने पर्यटकांसाठी महाग झाली आहेत, पण गावोगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही फॅमिकॉमच्या कॅसेट्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ‘मागे नाव लिहिलेले आहे’, ‘पुस्तिका नाही’ अशी प्रामाणिक चिठ्ठी लावून ठेवलेल्या असतात. आपल्या भावाचे नाव लिहिलेली कॅसेट येथे शंभर येन कमी किमतीला गेली असती.

हा बाजार सहज टिकलेला नाही. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या प्रतींच्या विक्रीविरुद्ध दावे लावले होते आणि २००२ च्या एप्रिलमध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला, म्हणून हे चालू आहे. आता कंपन्यांनी न्यायालयात न जाता वेगळा मार्ग काढला आहे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ च्या काही खेळांच्या डबीत जे कार्ड असते त्यात खेळ नसतोच, केवळ किल्ली असते; कार्ड घातल्यावर पूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्ड आत ठेवावेच लागते. ते उसने देता येते, विकताही येते. पण तो सर्व्हर बंद होईल त्या दिवशी तुमच्या हातात प्लास्टिकचा तुकडा उरेल. याउलट ‘सायबरपंक २०७७’सारखा अवाढव्य खेळ त्याच यंत्रासाठी ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण बसवून दिला गेला, म्हणजे हे करता येत नाही असे नाही.

आई_खेळते

माझ्या घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत, आणि आमचा स्विच दुबईहून आलेल्या दिराने आणलेला आहे, कारण निन्टेन्डो आपल्याकडे तो अधिकृतपणे विकत नाही. त्याच्या कार्डांवर एक अत्यंत कडू द्रव्य लावलेले असते, जेणेकरून लहान मुलांनी ती तोंडात घातली तर लगेच थुंकून टाकावीत. खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी मी स्वतः चाटून पाहिले आणि तो संपूर्ण दिवस मला चहाची चव लागली नाही.

कॅसेटचा_डबा दादा, आपला मुद्दा मला आई म्हणून पटतो. धाकट्याने ‘मारिओ कार्ट’ची चार कार्डे शाळेतील मित्राच्या दोन कार्डांशी बदलून आणली तेव्हा मी आधी रागावले, मग लक्षात आले की त्याने मोबाईलवरच्या कोणत्याही खेळातून न शिकलेली गोष्ट केली आहे : त्याने घासाघीस केली. वाईट घासाघीस केली, हा भाग वेगळा. निन्टेन्डोने २०२५ मध्ये डाउनलोड केलेले खेळही कुटुंबातील दुसऱ्याला दोन आठवडे उसने देण्याची सोय केली आहे. ती आम्ही वापरतो, पण ‘कुटुंबातील’ या शब्दापाशी ती संपते आणि मुलांचे मित्र कुटुंबात नसतात.

कॅसेटचा_डबा

ताई, दुरुस्ती म्हणून नव्हे, कुतूहल म्हणून विचारतो : ‘मारिओ कार्ट’ची चार कार्डे?

आई_खेळते

‘मारिओ कार्ट’ धरून चार कार्डे, असे मला म्हणायचे होते. बाकी तिन्ही माझी होती.

भाडोत्री

येथे सर्व जण मालकीबद्दल बोलत आहेत, म्हणून भाडेकरूची बाजू मांडतो. मी पाच वर्षे मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणी-सेवेचा वर्गणीदार होतो. एकेका खेळावर चार-पाच हजार रुपये घालण्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि शेकडो खेळांतून हवा तो उघडायचा, हे मला आमच्या गावच्या वाचनालयासारखे वाटत असे. जे खेळ मी विकत घेण्याचा विचारही केला नसता, ते त्यामुळे खेळलो. ‘हाय-फाय रश’ हा तालावर मारामारी करायला लावणारा खेळ त्यांपैकी सर्वांत आनंददायक. वाचनालयातील पुस्तक आपले नसते म्हणून कोणी वाचायचे थांबत नाही.

तक्रार दोन बाबतींत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीची किंमत अमेरिकेत महिना १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाली, आपल्याकडेही ती जोरात वाढली, आणि मी वर्गणी बंद केली. बंद केली त्या दिवशी पाच वर्षांतील माझे शेल्फ रिकामे झाले. दुसरे म्हणजे खेळ बाजारातून निघून जाण्याची रीत. ‘फोर्झा होरायझन ४’ हा माझा सर्वांत लाडका मोटारींचा खेळ. ब्रिटनमधील ऋतू बदलताना त्यात पाहणे ही माझी रात्रीची विश्रांती होती. गाड्यांचे व संगीताचे परवाने संपत आल्याने १५ डिसेंबर २०२४ पासून त्याची डिजिटल विक्री बंद झाली. ज्यांच्याकडे डिस्क आहे ते खेळत आहेत. या एका बाबतीत आपली कसोटी माझ्या वाचनालयापेक्षा सरस ठरली, हे मी मान्य करतो.

रात्रपाळी

धागाकर्त्यांना एक अवघड प्रश्न विचारतो आणि राग मानू नये, ही विनंती. आपण ज्या देवघेवीचे एवढे कौतुक केले आहे, त्यातील मूळ प्रती किती होत्या? पहिले यंत्र नक्कल होते, हे आपणच लिहिले आहे. त्यातील ‘इन १’ कॅसेट्स कोणाच्या परवानगीने भरल्या गेल्या होत्या? आणि प्लेस्टेशनचे म्हणाल तर, पहिल्या यंत्राच्या मूळ डिस्कच्या आतल्या कडेला मुद्दाम ठेवलेली एक सूक्ष्म थरथर असे, जी साध्या सीडी रायटरला उमटवता येत नसे. आपल्याकडे बाजारात बसवून मिळणारी चिप यंत्राला ‘थरथर वाचली’ असा खोटा निरोप देत असे. प्लेस्टेशन २ लाही अशाच चिपा बसत. ‘हिअर कम्स द पेन’ची वर्गभर फिरलेल्या डिस्कवर छापील चित्र होते, की मार्कर पेनने नाव लिहिलेले होते?

मी स्वतः सोवळा नाही. परंतु उसने देण्याच्या ज्या संस्कृतीची आपण आठवण काढतो, ती बऱ्याच अंशी न दिलेल्या पैशांवर उभी होती, हे बोलल्याशिवाय कंपन्यांना एकट्याने दोष देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

कॅसेटचा_डबा

राग मुळीच नाही. उलट हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवे होते. ती डिस्क मार्कर पेननेच लिहिलेली होती. आमच्या यंत्रात चिप होती, ती दुकानदारानेच ‘फ्री’ म्हणून बसवून दिली होती, आणि मला त्या वयात मूळ डिस्क कशी दिसते हेदेखील ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मी आयुष्यातील पहिली मूळ प्रत प्लेस्टेशन ४ साठी घेतली, तिशीत, स्वतःच्या पगारातून. त्यामुळे माझी कसोटी माझ्याच बालपणाला लावली तर ते नापास होते, कारण जे माझे नव्हते तेच मी उसने देत होतो.

तरीही एक गोष्ट मला वेगळी वाटते. तेव्हा नियम मोडणारे आम्ही होतो. आता आम्ही रीतसर पैसे भरतो आणि खेळ तरीही जातो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ मध्ये आला, ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांतील त्याचे परवानेही काढून घेण्यात आले. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २०२४ मध्ये दोन आठवड्यांत गुंडाळला गेला. निदान त्याचे पैसे परत दिले. या दोन्ही खेळांच्या डिस्क निघाल्या होत्या आणि आज त्या चहाचा कप ठेवायच्या कामाच्या आहेत. म्हणजे @तांत्रिक_शंका यांचे बदक आणि @नागोयावासी यांची किल्ली एकत्र धरली तर, वस्तू हातात असणे पुरेसे नाही, हे मला मान्य करावे लागते. माझ्या कसोटीत मी एवढी भर घालतो : दुसऱ्याच्या हाती देता यावा, आणि त्याच्याकडे इंटरनेट नसले तरी सुरू व्हावा. @स्टीमसेल यांचा ‘क्रिकेट ०७’ या कसोटीला माझ्या प्लेस्टेशन ५ वरील अख्ख्या संग्रहापेक्षा अधिक उतरतो.

@भाडोत्री, वाचनालयाची उपमा चांगली आहे, परंतु आमच्या वाचनालयाने वर्गणी वाढवली तेव्हा निदान सभा घेतली होती.

स्टीमसेल

डिस्कविरहित यंत्राची चूक सुधारण्यासाठी आपण प्लेस्टेशन ५ प्रोचा विचार करत असाल तर थांबावे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्या यंत्रालाही खाच बाहेरूनच जोडावी लागते, आणि ते त्या वेळी भारतात आलेच नाही, कारण त्यातील नव्या वाय-फायला लागणारा सहा गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता. त्यापेक्षा २०२३ पासून निघालेले बारीक यंत्र बघा, ज्याला डिस्कची खाच बाहेरून जोडता येते. ती जोडताना एकदा इंटरनेटवर नोंदवावी लागते, हे आपल्या नव्या कसोटीला रुचणार नाही.

नागोयावासी

विषय थोडा बदलून विचारतो : शेल्फावरच्या त्या पंचवीस-तीस डिस्कमध्ये आपल्याला सर्वांत मोलाची कोणती वाटते?

कॅसेटचा_डबा

‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’, २०१७ चा. कारण अगदी घरगुती आहे. त्यातील बराचसा भाग पश्चिम घाटात घडतो, क्लोई आणि नदीन या दोघी होयसळांच्या राजधानीच्या शोधात हळेबीड आणि बेलूर ही नावे घेत फिरतात, आणि गणपतीने परशुरामाच्या परशूचा घाव वडिलांनी दिलेल्या शस्त्राचा मान राखण्यासाठी आपल्या दातावर घेतला, ही लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट क्लोई नदीनला सांगते. खरे बेलूर आणि हळेबीड मी पाहिले आहे. तेथील नक्षी बोटाएवढी बारीक आहे, तर खेळात डोंगराएवढे पुतळे धबधब्यांतून वर आलेले आहेत. आमच्या सह्याद्रीत जन्म घालवलेल्या माणसाला ते पाहून हसू येते. पण जीपमधून चिखल उडवत मोकळ्या रानात हिंडण्याचा तो भाग, आणि शेवटची आगगाडीवरची झुंज, यांसाठी मी तो तीनदा खेळलो. मूळ मालिकेच्या चौथ्या भागापेक्षाही मला हा आटोपशीर खेळ जास्त आवडतो. दहा तासांत संपतो आणि कोठेही रेंगाळत नाही.

पार्लरातला_मुस्तफा

माझ्या पुतण्याने नुकतेच जुने प्लेस्टेशन ४ घेतले आहे आणि त्याच्याकडे सध्या फुटबॉलचा एकच खेळ आहे. ती डिस्क महिनाभर उसनी मिळू शकेल का? आपल्या धाग्यावर हे विचारले नाही तर कोठे विचारायचे.

कॅसेटचा_डबा

अवश्य. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवावा, मी रविवारी पाठवतो. आता वर कबुलीजबाब दिलाच आहे म्हणून सांगतो, ही मूळ प्रत आहे आणि डबीसह आहे.

तांत्रिक_शंका

पाठवण्यापूर्वी डिस्कवर ओरखडे आहेत का, ते पाहून घ्यावे. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असे. वर कठीण लेप असतो म्हणून ती सहसा वाचते, पण तो लेप भेदणारा ओरखडा घासून काढता येत नाही.

कॅसेटचा_डबा

आताच दिव्याखाली धरून पाहिली. बाहेरच्या कडेला अर्ध्या बोटाचा एक ओरखडा आहे, तो मी घेतली तेव्हापासून आहे आणि तिन्ही वेळा ती विनातक्रार चालली. डबीच्या आत आधीच्या मालकाने पेन्सिलीने ‘मनालीला परत करणे’ असे लिहिले आहे. मुस्तफाराव, पुतण्याला सांगा की ते खोडू नये.